नाव सोनुबाई, पिढी बारावी

संगणकाच्या प्रोसेसरला नाव दोन कारणांसाठी दिले जाते. पहिले कारण, एक प्रोसेसर दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा. दुसरे कारण, तो तसा ओळखता येऊ नये. या धंद्याच्या पहिल्या वीसेक वर्षांत पहिले कारण पुढे होते. मग दुसऱ्याने आघाडी घेतली आणि ती आजतागायत सोडलेली नाही.

सुरुवातीला नावे नव्हतीच, नुसते आकडे होते. इंटेलचा ४००४ हा १९७१चा, ८००८ हा १९७२चा, ८०८० हा १९७४चा आणि ८०८६ हा १९७८चा. पुढे ८०२८६, ८०३८६ आणि ८०४८६ ही भावंडे अनुक्रमे १९८२, १९८५ आणि १९८९ साली जन्मली. पुढचा ८० म्हणायचा कंटाळा करून लोक ‘टू एटी सिक्स’, ‘थ्री एटी सिक्स’, ‘फोर एटी सिक्स’ म्हणू लागले. मोठा आकडा म्हणजे नवे आणि वेगवान यंत्र, एवढे गणित कॉम्प्युटर क्लासला नुकत्याच घातलेल्या पोरालाही कळत असे. नाव वाचून प्रोसेसर कळण्याचा तो पहिला आणि शेवटचा काळ.

त्या सुखालाही पहिली चीर पाडली ती फोर एटी सिक्सनेच. १९९१मध्ये इंटेलने ४८६एसएक्स आणला. मूळचा ४८६, जो आता डीएक्स म्हणवू लागला, त्यातला आकडेमोडीचा खास भाग बंद करून हा स्वस्तातला एसएक्स तयार झाला होता. ज्याला ती आकडेमोड नंतर हवीशी वाटेल त्याच्यासाठी ४८७एसएक्स नावाचा जोडप्रोसेसर मिळे. प्रत्यक्षात हा जोडप्रोसेसर म्हणजे एक पूर्ण ४८६डीएक्सच होता आणि तो बसवताच आधीच्या एसएक्सला झोपवून सगळे काम आपणच करी. गणितात कच्च्या मुलाला शिकवणी लावावी आणि मास्तरांनीच त्याच्या जागी परीक्षेला बसावे, तसा हा प्रकार. पुढे डीएक्स२ आला. त्याचा आतला वेग बाहेरच्या दुप्पट होता. मग डीएक्स४ आला. त्याचा वेग तिप्पट होता.

आकड्यांचे युग संपवले ते कोर्टाने. ३८६ हा आकडा आपला एकट्याचा आहे असे इंटेलचे म्हणणे होते. एएमडी ही प्रतिस्पर्धी कंपनीही आपला प्रोसेसर त्याच आकड्याने विकत होती. नुसत्या आकड्यावर कोणाची मालकी असू शकत नाही, असा निकाल १९९१मध्ये लागला. तेव्हा पुढच्या बाळाला ५८६ म्हणून उपयोग नव्हता. लेक्सिकॉन ब्रँडिंग या नावे ठेवण्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपनीकडून बारसे करून घेतले गेले आणि १९९३मध्ये पेंटियम बाजारात आला. पाचवा म्हणून पेंटियम, इथवर ठीक होते. पण सहाव्याचे नाव पेंटियम प्रो झाले. मग पेंटियम टू, पेंटियम थ्री अशा रोमन आकड्यांच्या दोन पायऱ्या चढून झाल्यावर २०००मध्ये पेंटियम ४ आला, तो साध्या आकड्यातला. मध्येच, १९९८मध्ये, हलक्या खिशासाठी सेलेरॉन आणि जड खिशासाठी झिऑन आला होता. सेलेरॉन या नावावरून तो स्वस्त आहे हे कळायला काहीच मार्ग नव्हता. घरी नेऊन चालू केल्यावर मात्र ते कळे.

नावांचा उपयोग संपल्यावर ग्राहकाने मेगाहर्ट्झचा आधार घेतला. तिथे निदान आकडा होता आणि त्यामागे काही भौतिकशास्त्र होते. पण सारख्या वेगाने टिकटिकणारे दोन प्रोसेसर सारखे काम करतात असे नाही. एक जण एका ठोक्यात जास्त काम उरकतो. एएमडीचा प्रोसेसर कमी ठोक्यांत जास्त काम करी आणि दुकानात मात्र आकड्यात मार खाई. म्हणून २००१मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ काढला. तो १.५३ गिगाहर्ट्झवर चाले. १८०० हा वेग नव्हता, वेगासारखा दिसणारा आकडा होता आणि अधिकचे चिन्ह त्याचा वकील म्हणून पाठीशी उभे होते. या वाटेवर सायरिक्स ही कंपनी आधीच जाऊन आली होती; तिच्या पीआर२००+ या प्रोसेसरचा खरा वेग १५० मेगाहर्ट्झ होता. मेगाहर्ट्झच्या शर्यतीत सर्वात पुढे असलेल्या इंटेललाही २००४मध्ये तो आकडा नावातून काढावा लागला, कारण तिचाच पेंटियम एम कमी वेगात तिच्याच पेंटियम ४ला घाम फोडत होता. मग ३००, ५०० आणि ७०० अशा मालिका आल्या. ३, ५ आणि ७ हे आकडे महागड्या जर्मन मोटारींवर शोभून दिसतात, हे अनेकांच्या लक्षात आले होते.

२००६ हे वर्ष वेगळ्या उताऱ्याला पात्र आहे. त्या वर्षी एका चिपवर दोन कोअर, म्हणजे दोन स्वतंत्र काम करणारे गाभे, असण्याची पद्धत घरोघरी पोचली आणि इंटेलने प्रोसेसरचे नावच ‘कोअर’ ठेवले. जानेवारीत कोअर ड्युओ आला. त्याच वर्षी जुलैमध्ये कोअर २ ड्युओ आला. त्यातला २ म्हणजे दुसरी आवृत्ती आणि ड्युओ म्हणजे दोन गाभे. पुढे कोअर २ क्वाड आला, त्यात चार गाभे. आणि कोअर २ सोलो आला, त्यात एक. शेजारी पेंटियम डी होता, त्यातही दोन गाभे. २००७मध्ये पेंटियम ड्युअल-कोअर आला, त्यातही दोन. आपल्याकडच्या दुकानांत ‘ड्युअल कोअर घेऊ की कोअर टू ड्युओ’ हा प्रश्न काही वर्षे गाजला. दोन्हींत गाभे दोनच, मग हजारो रुपयांचा फरक कशाचा, याला विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असे: “साहेब, ते डबल आहे, हे डबलचं डबल.” प्रोसेसरच्या रचनेच्या दृष्टीने हे उत्तर संपूर्ण चुकीचे होते, पण त्याने विक्री होत असे आणि नावाचा हेतू विक्रेत्याला नाव ठेवणाऱ्याइतकाच नीट कळला होता असे म्हणायला हरकत नाही.

आजचा गोंधळ ज्या पायावर उभा आहे तो २००८ ते २०१० या काळात घातला गेला. कोअर आय७ आधी आला, मग आय५, मग आय३. हे आकडे गाभ्यांचे नाहीत, वेगाचे नाहीत, पिढीचेही नाहीत. ते हुद्दे आहेत. कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार अशा चालीवर ते चालतात. हुद्द्यावरून मान कळतो, काम कळत नाही. २०१६चा आय७-७५००यू हा आय७ असून त्यात गाभे दोन. २०२३चा आय३-एन३०५ हा आय३ असून त्यात गाभे आठ. दोघांची नावे शेजारी ठेवली तर कोणीही पहिल्याला नमस्कार करील.

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या मोबाइल शॉपीपर्यंत एकच संवाद थोड्याफार फरकाने ऐकू येतो.

“आय सेव्हन आहे ना?” वडील विचारतात.

“काका, हा आय फाइव्ह आहे. पण ट्वेल्थ जेन.”

“आय सेव्हन दाखवा.”

“आय सेव्हन टेन्थ जेनमध्ये आहे. स्वस्तात देतो.”

वडील विचारात पडतात. सातपेक्षा पाच लहान, पण दहावीपेक्षा बारावी बरी. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, “बाबा, शेवटी एच आहे का यू, ते बघा.” त्या एका वाक्याने वडिलांचा मुलाबद्दलचा आदर वाढतो आणि बजेटही.

मुलाचे म्हणणे खरे असते, हा त्यातला दुर्मीळ योग. बाराव्या पिढीचा आय५-१२३५यू आणि आय५-१२४५०एच हे एकाच पिढीचे, एकाच हुद्द्याचे. पहिल्यात दहा गाभे, दुसऱ्यात आठ. पण पहिल्यातले दोनच दमदार आहेत आणि बाकीचे आठ वीज वाचवणारे. दुसऱ्यात दमदार चार आणि काटकसरी चार. शिवाय यू हा मूळ १५ वॉटच्या हिशेबाने बांधलेला, एच हा ४५ वॉटच्या. जड काम दिले की आठ गाभ्यांचा दहावाल्याला मागे टाकतो. चार आकडी १२३५ आणि पाच आकडी १२४५० यांत आकड्यांची संख्या का वेगळी, हे विचारण्याइतका वेळ काउंटरवर कोणाला नसतो.

शेपटीची अक्षरे हे या शास्त्राचे स्वतंत्र प्रकरण आहे. के म्हणजे वेग हाताने वाढवता येतो. टी म्हणजे कमी विजेवर चालतो. एच, एचके, एचएक्स हे लॅपटॉपमधले पैलवान, यू मितभाषी, पी मधला, आणि तो फार दिवस टिकला नाही. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. नावात एक अक्षर वाढते आणि वस्तूतला एक भाग कमी होतो, हा व्यवहार थोडा स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ लोक एफ घेतात, मॉनिटरची वायर सवयीने मदरबोर्डला जोडतात आणि काळ्या पडद्यासमोर बसून राहतात. दोष मॉनिटरला दिला जातो. केएफ म्हणजे वेग वाढवता येतो पण पाहायला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणावे लागते. वाय हे अक्षर अत्यंत अशक्त, पंख्याशिवाय चालणाऱ्या प्रोसेसरचे. २०१५मध्ये असल्या प्रोसेसरना कोअर एम३, एम५ आणि एम७ अशी वेगळी, प्रामाणिक नावे होती. पुढच्याच वर्षी एम५ आणि एम७ आय५ आणि आय७ झाले. शेपटीला वाय लावला असता तर तो सर्वांना दिसला असता. म्हणून तो मध्ये घातला गेला आणि आय५-७वाय५४, आय७-७वाय७५ अशी नावे तयार झाली. आकड्यांच्या गर्दीत अक्षर लपवण्याची ही युक्ती कल्पक होती, एवढे मान्य करावे लागते.

पिढीचा आकडा तरी विश्वासाचा असेल, अशी समजूत २०१९च्या ऑगस्टपर्यंत टिकली. त्या महिन्यात इंटेलने दहावी पिढी दोनदा आणली. एक दहावी पिढी नव्या १० नॅनोमीटर पद्धतीने घडवलेली आणि नव्या रचनेची, तिचा आय७-१०६५जी७. दुसरी दहावी पिढी जुन्या १४ नॅनोमीटर पद्धतीची, तिचा आय७-१०५१०यू. दोघेही आय७, दोघांतही चार गाभे, दोघेही दहावे. एकात शेवटचा ७ ग्राफिक्सच्या ताकदीचा, दुसऱ्यात त्याचा पत्ता नाही. १०६५ हा आकडा वाचून तो पहिल्या पिढीतला जुना माल असावा असे वाटणाऱ्याला दोष देता येत नाही. खरे तर दोघांत नवा तोच होता.

अखेर २०२३च्या जूनमध्ये इंटेलने नावे सोपी करण्याचे जाहीर केले. आय गेला, ‘पिढी’ हा शब्दही गेला. त्याआधीच लॅपटॉपमधल्या पेंटियम आणि सेलेरॉन या नावांना निरोप देऊन त्यांच्या जागी ‘इंटेल प्रोसेसर’ एवढेच नाव आले होते; म्हणजे सर्वात स्वस्त वस्तूला कंपनीचे स्वतःचे नाव मिळाले. आता कोअर आणि कोअर अल्ट्रा असे दोन वर्ग झाले. सोपेपणा कसा दिसतो हे पाहण्यासाठी कोअर अल्ट्रा ५ या हुद्द्यातला २२५ हा आकडा घ्यावा. कोअर अल्ट्रा ५ २२५ हा टेबलावरच्या संगणकाचा, त्यात दहा गाभे. २२५एच लॅपटॉपचा, त्यात चौदा. २२५यू हाही लॅपटॉपचा, त्यात बारा, आणि त्याची रचना आधीच्या मालिकेतून थोडी सुधारून घेतलेली. शेजारच्या २२६व्हीमध्ये गाभे आठ, पण रचना सर्वांत निराळी, आणि शेवटच्या ६वरून कळते की प्रोसेसरच्या पोटातच १६ जीबी मेमरी आहे. ३२ जीबी हवी असेल तर २२८व्ही घ्यायचा. एकाच आडनावाच्या या चौघांत रक्ताचे नाते शोधायला गेले तर फार थोडे सापडते.

एएमडीची बाजू यापेक्षा वेगळी नाही, फक्त ती जास्त शिस्तीत गोंधळ घालते. २०१७मध्ये रायझेन आला तेव्हा त्याने ३, ५ आणि ७ हेच हुद्दे उचलले, म्हणजे दुकानदाराला नवे काही पाठ करावे लागले नाही. त्याच वर्षी मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये इंटेलचा बी२५० होता, तर एएमडीने बी३५० काढला. मग इंटेलच्या पुढच्या चिपसेटला बी३६० व्हावे लागले. शंभराने मोठा आकडा लावण्याची ही खेळी दोघांनाही मानवली.

लॅपटॉपसाठी २०२३पासून एएमडीने एक नवी पद्धत आणली आणि तिचा उलगडा करणारे एक गोल चक्र प्रसिद्ध केले. प्रत्येक आकड्याला अर्थ होता. वानगीदाखल रायझेन ५ ७५२०यू. पहिला ७ म्हणजे २०२३ हे वर्ष. दुसरा ५ म्हणजे हुद्दा. तिसरा २ म्हणजे आतली रचना झेन २. चौथा ० म्हणजे त्याच गटातला कनिष्ठ. यू म्हणजे कमी वीज. ही पद्धत पूर्ण सत्य सांगते, हे नाकारता येणार नाही. फक्त सांगण्याचा क्रम असा की सर्वात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे रचना किती जुनी, ती तिसऱ्या जागी येते. आणि माणूस आकडा डावीकडून वाचतो. झेन २ ही रचना २०१९ची. तिच्या शेजारी ७५३०यू झेन ३चा, ७५३५यू झेन ३+चा आणि ७५४०यू झेन ४चा. दहा-वीसच्या फरकात तीन-चार वर्षांची प्रगती दडलेली. ७५२० आणि ७५४० या दोन नावांत जो फरक दिसतो तो रिक्षाच्या सुट्या पैशांइतका आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण प्रोसेसर येण्याच्या कितीतरी आधी रूढ झाली, यात तिचा दोष नाही.

हे पाहून इंटेलला राहवले नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये तिने ‘कोअर ट्रूथ्स’ नावाचे एक सादरीकरण प्रसिद्ध केले आणि एएमडीच्या नावांची तुलना सर्वरोगहारी तेल विकणाऱ्या भोंदूशी आणि जुन्या मोटारींच्या दलालाशी केली. सादरीकरण लवकरच काढून घेण्यात आले. महिनाभरात, २०२४च्या जानेवारीत, इंटेलचाच कोअर ७ १५०यू आला. नाव कोरे करकरीत, मालिका पहिली, आणि आतली रचना तेराव्या पिढीची. ‘पिढी’ हा शब्द सहा महिन्यांपूर्वीच रद्द झालेला असल्याने तेरावी पिढी असे म्हणायची सोय उरली नव्हती.

एएमडीचे चक्र फार फिरले नाही. २०२४मध्ये तिने नव्या लॅपटॉप प्रोसेसरसाठी ते बाजूला ठेवून रायझेन एआय ९ एचएक्स ३७० असे नाव काढले. इंटेलची मालिका २००वर येत असताना हिची ३००वर सुरू झाली. त्यामागचे कारण असे सांगण्यात आले की आतल्या एआयच्या भागाची ही तिसरी पिढी आहे. पुढच्या वर्षी रायझेन एआय मॅक्स+ ३९५ आला, आणि कार्यालयांसाठीच्या आवृत्तीत मॅक्स+ आणि ३९५ यांच्या मध्ये ‘प्रो’ हा शब्दही शिरला. दुकानदाराने हे नाव एका दमात म्हटले तर त्याला थोडी सूट द्यायला हवी, ग्राहकाला नव्हे.

अ‍ॅपलने स्वतःचे प्रोसेसर २०२०मध्ये सुरू केले तेव्हा एम१ हे नाव ऐकून अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. २०२१मध्ये एम१ प्रो आणि एम१ मॅक्स आले. मॅक्सच्या वर काही नसते असे समजून लोक स्वस्थ बसले, तर २०२२मध्ये दोन मॅक्स एकमेकांना जोडून एम१ अल्ट्रा आला. २०२५च्या मार्चमध्ये एकाच मॅक स्टुडिओसाठी एकाच दिवशी दोन पर्याय जाहीर झाले: एम४ मॅक्स आणि एम३ अल्ट्रा. एकाचा आकडा मोठा, दुसऱ्याचे विशेषण मोठे. एकट्या गाभ्याच्या कामात पहिला पुढे, सगळे गाभे कामाला लावले की दुसरा. ज्याला संगणकाचे काही कळत नाही त्याने महाग तो घ्यावा, एवढेच मार्गदर्शन या नावांतून मिळते.

मोबाइलच्या बाजूला थोडक्यात उरकता येते, कारण तिथे नावे वाचतो कोण. क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८८८ हा २०२०च्या अखेरीस आला. आठ हा आकडा चीनमध्ये शुभ मानतात, त्याचा आधार त्याला होता. पुढच्या वर्षी शुभ आकडे सोडून ८ जेन १ आला, मग ८+ जेन १, जेन २, जेन ३. अधिकचे चिन्ह म्हणजे थोडा चांगला. ८एस जेन ३ म्हणजे मात्र थोडा कमी. आयफोनवाल्यांना एस म्हणजे सुधारलेला अशी वर्षानुवर्षांची सवय होती, ती इथे उलटी लागू पडते. २०२४मध्ये जेन ४ ऐवजी ८ एलिट आला आणि २०२५मध्ये ८ एलिट जेन ५. एलिट जेन २, ३ आणि ४ कुठे गेले, असा प्रश्न विचारणाऱ्याला मोजणी ८ जेन १पासून आहे असे सांगितले जाते. मीडियाटेकने आणखी सोपा मार्ग शोधला. तिचा डायमेन्सिटी ८१० हा पुढे ६०८० या नावाने आणि १०८० हा ७०५० या नावाने फोनच्या खोक्यांवर दिसू लागला. चिप तीच, आकडा साधारण सातपट.

प्रोसेसर खरोखर ओळखायचा असेल तर त्याचे पूर्ण नाव लागते, शेवटच्या अक्षरासकट. इंटेलच्या ‘आर्क’ या सूचीत ते टाकले की गाभे, वॉट आणि बाजारात आल्याची तिमाही हे सगळे एका पानावर मिळते. एएमडीचीही तशी सूची आहे. अडचण एवढीच की लॅपटॉपच्या तळहात टेकायच्या जागी जो चकचकीत स्टिकर असतो त्यावर बहुधा हुद्दा तेवढा छापलेला असतो. बाकीचे आकडे पाहायचे तर दुकानातला नमुन्याचा लॅपटॉप चालू करून सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात अबाउट उघडावे लागते. विक्रेता तोवर बॅग आणि माउस फुकट देऊ करतो.